असईच्या लढाईचा टीम वीकेंड, पहिल्यांदाच खेळतोय, पाच आठवड्यांत काय काय उरकू?

कळवा_कारशेड

नमस्कार मंडळी, वर्षभर इथे नुसता वाचत बसलोय, आज पहिल्यांदा लिहितोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी कळव्याला राहतो, नोकरी महापेला. ऑफिसमधल्या एका मित्रामुळे ह्या मिनिएचरच्या (छोटे धातूचे शिपाई रंगवून टेबलावर लढाया खेळायच्या) नादाला लागलो, आत्तापर्यंत एकूण सहा गेम खेळलोय, सगळे त्याच्या घरी डायनिंग टेबलवर, सगळे वन ऑन वन, आणि सैन्य पण त्याचंच. आता ऑगस्टमध्ये खारघरला एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये दोन दिवसांचा टीम गेम आहे, तीन विरुद्ध तीन, शिपाई १५ एमएम उंचीचे, रूल्स 'ब्लॅक पावडर' नावाचे, लढाई असईची (१८०३, मराठे विरुद्ध इंग्रज). शनिवारी आम्ही मराठ्यांच्या बाजूने आणि रविवारी बाजू बदलून तीच लढाई परत. मित्र आमचा कॅप्टन, तो पोलमन, म्हणजे मराठ्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती. दुसरा एक जण आहे त्याच्याकडे बेगम समरूच्या पलटणी, आणि मला डुपाँचा कंपू (म्हणजे ब्रिगेड) दिलाय. चार पलटणी, दोन तोफा. हे सैन्य मी स्वतः रंगवून आणायचं असं ठरलंय आणि ठरवताना मी पण जोशात हो हो म्हणालो.

आता हिशोब केला तर एका पलटणीत चार बेस (शिपाई चिकटवायच्या पट्ट्या), बेसवर सहा शिपाई, म्हणजे चोवीस गुणिले चार ९६, वर आठ गोलंदाज. १०४ माणसं! आणि मी आयुष्यात आत्तापर्यंत अकरा रंगवलीत, त्यातल्या दोघांचे डोळे बेडकासारखे झालेत. माल सगळा घरी आलाय, पांढऱ्या धातूचा आहे, अजून पिशवीतून बाहेर पण काढला नाहीये.

तर प्रश्न असे की एक, पाच आठवड्यांत हे होईल का, रोज रात्री जेमतेम तासभर मिळतो. दोन, गेल्या रविवारी एका सॅम्पल शिपायावर स्प्रे प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) मारून बघितला गॅलरीत तर त्याच्या अंगावर रवा सांडल्यासारखं झालंय, हे काय आहे? तीन, लोकलने न्यायचं कसं. चार, टीममध्ये खेळताना वेगळी काही तयारी लागते का, म्हणजे मी धरून चाललोय की कॅप्टन सांगेल तसं करायचं आणि फासे टाकायचे, बाकी काही डोकं लावायची गरज नाही, बरोबर ना?

ब्रश_नंबर_दोन

स्वागत आहे रे. रवा सांडला कारण तू जुलैच्या पावसात गॅलरीत उभं राहून स्प्रे मारलास. हवेत एवढा दमटपणा असला की स्प्रेचा थर नीट बसत नाही, खरखरीत नाहीतर पांढरट होतो. मी घणसोलीला राहते, खाडी समोर, आमच्याकडे जून ते सप्टेंबर कॅन कपाटात बंद, चर्चा नाही. ब्रशने लाव. कुठल्याही आर्टच्या दुकानात जेसो (ब्रशने लावायचं प्रायमरच) मिळतं, काळं मिळालं तर उत्तम, थोडं पाणी घालून पातळ कर आणि दोन पातळ हात दे, एकच जाड हात देऊ नकोस नाहीतर चेहरे बुजतील, १५ एमएमला चेहरा म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढा असतो. त्याच्या आधी सगळ्यांना भांड्याच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासून अंघोळ घाल, साच्याचं तेल राहिलेलं असतं, ते राहिलं तर रंग बोटाला लागून येतो. सिंकची जाळी मात्र लाव आधी, माझा एक बिगुलवाला गेलाय गटारात.

पाच आठवड्यांत होईल. पण एकेक शिपाई हातात घेऊन रंगवायचा नाही, ती सवय ११ माणसांत लागलेली असते ती मोड. कुल्फीच्या काड्या आण, एका काडीवर सहा जण फेविक्विकच्या एकेका थेंबाने चिकटव, चार काड्या म्हणजे एक पलटण. आता सोमवारी चोवीसही जणांचे फक्त कोट. मंगळवारी फक्त पगड्या आणि चेहरे. बुधवारी बंदुका आणि बूट, गुरुवारी छातीवरचे पांढरे पट्टे, ह्याला वेळ लागतो आणि हात थरथरतो, चहा आधी पिऊ नकोस. शुक्रवारी तपकिरी शाई पाण्यात चांगली पातळ करून भांड्याच्या साबणाचा अगदी एक थेंब टाकून सगळ्यांवर फिरव, ती खाचांत जाऊन बसते आणि सावल्या आपोआप दिसतात, तुझ्या निम्म्या चुका पण त्यातच झाकल्या जातात. डोळे काढूच नकोस. टेबलावर बघणारा माणूस तीन फुटांवरून बघतो, त्याला डोळे दिसत नाहीत, पांढरे पट्टे आणि झेंडा दिसतो, तेव्हा जीव ओतायचा तो झेंड्यात. आठवड्याला एक पलटण धरली तर चार आठवडे, पाचव्यात तोफा, गोलंदाज आणि वॉर्निश.

कोटाचा रंग काय ठरलाय? लाल असेल तर लक्षात घे, समोर ईस्ट इंडिया कंपनीचे शिपाई पण लालच असणार, संध्याकाळी सहाला क्लबहाऊसच्या ट्यूबलाइटमध्ये कोणाची पलटण कोणाची हे कळेनासं होतं आणि मग हमखास वाद. बेसच्या कडेला तुझ्या पलटणींना एक ठरावीक रंग दे, भगवा म्हण, आणि मागच्या कडेवर नंबर.

बेससाठी नेमप्लेटवाल्या लेझरवाल्याकडून दोन एमएमच्या एमडीएफच्या ४० एमएम रुंदीच्या पट्ट्या कापून घे. आणि जमिनीसाठी कोणी तुला वापरलेली चहा पावडर सांगेल, मी पण लावली होती दोन वर्षांपूर्वी, दिसते सुंदर, अगदी काळी माती. फक्त मी ती नीट वाळवली नव्हती. तीन आठवड्यांनी डबा उघडला तर मावळ्यांच्या घोट्यापर्यंत पांढरी मऊ लव, खरीखुरी बुरशी!! नवरा म्हणाला बघ किती रिअलिस्टिक. तर चहा लावायचीच असेल तर तव्यावर मंद गॅसवर कोरडी खणखणीत करून घे आणि वरून फेविकॉलचं पाणी सोड, नाहीतर सरळ फिशटँकच्या दुकानातली बारीक वाळू लाव आणि रंगव. मी हल्ली वाळूच लावते.

फासेफुटका

ताईने रंगाचं सगळं सांगितलंच, त्याच्यावर मी बोलणार नाही, माझी माणसं तीन फुटांवरून पण वाईट दिसतात.

पण भावा तुझा चौथा प्रश्न वाचून मला घाम फुटला. कॅप्टन सांगेल तसं करायचं आणि फासे टाकायचे? अरे ब्लॅक पावडरमध्ये सगळा खेळ ऑर्डरचाच आहे आणि तुझ्या कंपूला ऑर्डर देणारा तूच असणार, कॅप्टन नाही. तू सहा गेम खेळलायस म्हणजे नियम माहीत असेल, फासे हातात घ्यायच्या आधी ऑर्डर मोठ्याने बोलायची, मग दोन फासे, तुझ्या कमांडरचं रेटिंग समजा आठ आहे तर आठ किंवा कमी आलं तर पलटण हलणार. सात-आठला एक मूव्ह, सहाला दोन, पाच किंवा खाली तीन. छत्तीस वेळा टाकलेस तर सरासरी दहा वेळा काहीच होत नाही आणि त्यातल्या एका वेळी बारा पडून ब्लंडर, पलटण भलतीकडे. आणि फेल झालास की त्या टर्नला त्या कमांडरच्या ऑर्डर संपल्या, उरलेल्या पलटणी उभ्या राहून वारा खाणार.

आता हे वन ऑन वनमध्ये एकट्याचं नुकसान असतं. टीममध्ये काय होतं ते सांगतो. गेल्या वर्षी आम्ही तिघं, दुसरीच लढाई, मी डाव्या फळीला. मी बोललो "सगळ्या ब्रिगेडने पुढे जा, शत्रूपर्यंत." एवढंच. पाच पडले, तीन मूव्ह! मी खुशीत ब्रिगेड उचलून ३६ सेंटीमीटर पुढे नेली (१५ एमएमला आम्ही इंचाच्या जागी सेंटीमीटर धरतो, पायदळाची मूव्ह १२), आणि मधला भाऊ पहिल्याच ऑर्डरला फेल, जागचा हलला नाही. आमच्या दोघांच्या मधे एवढी फट पडली की त्यातून बेस्टची बस गेली असती. समोरच्याचं घोडदळ गेलं. पुढचे दोन तास मी माझ्या पार्टनरचं तोंड बघत होतो आणि तो माझं, दुपारच्या जेवणाला वेगळ्या टेबलावर बसलो आम्ही.

चूक फाशांची नव्हती. ऑर्डर चुकीची होती. "पुढे जा" म्हणजे किती, कुठल्या झाडापर्यंत, शेजारी हलला नाही तर थांबायचं का, हे काहीच बोललो नव्हतो. आता आम्ही बोलतो ते असं, "पहिली आणि दुसरी पलटण मधल्या पलटणीच्या रेषेपर्यंत, त्याच्या पुढे नाही." तीन मूव्ह मिळाल्या तरी बोललोय तिथेच थांबायचं. आणि सगळ्यात महत्त्वाची ऑर्डर आधी, कारण फेल झालो की दुकान बंद. आणि कोण आधी ऑर्डर देणार हे तिघांत ठरलेलं, ज्याच्यावर बाकीच्यांची फळी अवलंबून आहे तो आधी, त्याचं काय झालं बघून मग दुसरा. कमांडरची मूर्ती पण पलटणींना चिकटून ठेव, दर १२ अंतरामागे रेटिंगमधून एक वजा होतो.

तर माझा सल्ला, ९६ माणसं रंगवण्यात पाचही आठवडे घालवू नकोस. तिघांनी मिळून किमान दोन प्रॅक्टिस गेम खेळा. रंगवलेलं सैन्य लागत नाही त्याला, कॅरमच्या सोंगट्या चालतात, पुठ्ठ्याचे तुकडे चालतात.

निवृत्त_मास्तर_नौपाडा

फासेफुटका यांनी जे सांगितले ते असईच्या रणांगणावर प्रत्यक्ष घडलेले आहे, म्हणून दोन ओळी लिहितो, दोनच्या वीस होतील.

२३ सप्टेंबर १८०३. आपल्या सैन्याचा मोहरा दक्षिणेला, समोर केळणा नदी, पाठीमागे जुई. इंग्रज सेनापती वेलस्लीला वाटाडे सांगत होते की जवळपास उतार, म्हणजे नदी पार करण्याजोगी उथळ जागा, नाही. त्याने पाहिले की नदीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन गावे अगदी समोरासमोर आहेत, त्यातले एक पिंपळगाव. दोन गावे अशी वसली आहेत म्हणजे लोकांची ये-जा असणार, ये-जा आहे म्हणजे उतार असणार. उतार निघाला. तो पूर्वेकडून नदी उतरला आणि दोन नद्यांच्या बेचक्यात शिरला. आता आपल्याकडे कोणी गाफील असते तर तिथेच खेळ संपता, पण पोलमनने ती सबंध रांग काटकोनात फिरवून पूर्वेला तोंड करून उभी केली, उजवा हात केळणेवर, डावा हात असई गावावर. तोफा चालू असताना कवायती पायदळाची अशी फेर-मांडणी करणे सोपे नव्हे. वेलस्लीला हे अपेक्षित नव्हते. महादजी शिंद्यांनी द बॉयन या युरोपियन सेनानीकडून जे कंपू उभे करून घेतले त्यांची ती शिस्त होती.

आणि आता ऑर्डरची गोष्ट. इंग्रजांच्या उजव्या टोकाला ऑरॉक नावाचा लेफ्टनंट कर्नल होता. असई गावापासून दूर राहायचे असा बेत. त्याला हुकूम नीट उमगला नाही आणि तो थेट गावावर चालत गेला, जिथे तोफा दाटीने मांडलेल्या. त्याच्या मागची ७४वी हायलंडर पलटण फट बुजवावी म्हणून त्याच्या मागे गेली आणि तिची चाळण झाली. मॅक्सवेलच्या घोडदळाने धावून त्यांना सोडवले, तो मॅक्सवेल पुढे त्याच दिवशी पडला. इंग्रजांचे त्या दिवशी मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून १५८४ माणूस. एका न समजलेल्या हुकमाचा त्यात मोठा वाटा आहे.

रविवारी तुम्ही इंग्रजांच्या बाजूने खेळणार म्हणता, म्हणजे तुमच्या तिघांतला कोणी एक ऑरॉक होणार. कोण ते आधी ठरवून ठेवा, हा हा.

आपल्या गोलंदाजांबद्दल एक. फळी मोडल्यावर कित्येक जण तोफांखाली मेल्यासारखे पडून राहिले, इंग्रज पुढे गेल्यावर उठले आणि पाठीमागून परत तोफा सुरू केल्या. ७८वी पलटण आणि घोडदळ फिरवून तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. तुमच्या सिनारिओत ह्याला काही नियम आहे का ते आयोजकांना विचारा, नसेल तर मागून घ्या. सबंध लढाईत ९८ तोफा त्यांच्या हाती लागल्या, तुमच्या दोन त्यातल्याच.

मोकळा_बेस

मास्तर काका लय भारी. पण मला एक कळत नाही, शेवटी मराठे हरणारच ना? मग शनिवारी हरण्यासाठी १०४ माणसं रंगवायची? आणि रंगवायची कशाला, प्रायमर मारून न्या की, काळं सैन्य, कोणाला फरक पडतो, मी दोन वर्षं तसाच खेळतोय.

ब्रश_नंबर_दोन

@मोकळा_बेस तुझ्या नावातच आलं सगळं. तुझा गेम तुझा, पण सहा लोकांचं एकच टेबल असतं तेव्हा पाच जणांनी रात्री जागून रंगवलेलं असतं आणि मधोमध तुझे काळे मुंगळे, बाकीच्यांना फरक पडतो. जमलं नाही तर कोणाकडून उसनं माग, लोक देतात.

फासेफुटका

हरणारच असं काही नाही. जिंकण्याच्या अटी कशा लावल्यात त्यावर आहे, माणसं जास्त, तोफा तर कितीतरी जास्त, इंग्रजांनी ठरावीक टर्नमध्ये असई घेतलं नाही तर मराठे जिंकले असं धरतात बरेच जण. आम्ही तीनदा मांडली होती, दोनदा मराठे. शिंदे आणि भोसले लढाई सोडून निघून गेले आणि मोठं घोडदळ नुसतं बघत उभं राहिलं, टेबलावर तुम्ही त्यांना उभं ठेवणार का? तिथेच इतिहास बदलतो. म्हणूनच दोन दिवस बाजू बदलून खेळतात, दोन्ही दिवसांचा हिशोब एकत्र.

तोफखाना_खारघर

मी त्याच गेमला आहे, समोरच्या टीममध्ये, त्यामुळे डावपेच सांगणार नाही, सामानाचं सांगतो.

टेबल म्हणजे क्लबहाऊसचं टेबल टेनिसचं टेबल आहे, नेट काढून वर हिरवं कापड. नऊ फूट बाय पाच फूट. पाच फूट रुंदी म्हणजे मधल्या पलटणीपर्यंत हात पोचवायला वाकावं लागतं, आणि वाकलं की शर्टाची बाही. फुल बाहीचा शर्ट, लोंबणारं आयकार्ड, ओढणी, काही नको. गेल्या वेळी एकाच्या जानव्यात झेंडा अडकला होता, खोटं नाही सांगत.

लोकलचं म्हणशील तर शनिवारी सकाळी कळव्याहून ठाणे, मग नऊ-दहा नंबरवरून पनवेल गाडी पकड, वाशी पकडलीस तर तुर्भ्याला उतरून बदलायला लागेल. ट्रान्स हार्बरला शनिवारी सकाळी बसायला मिळतं बहुतेक, प्रश्न कळवा ते ठाणे ह्या एका स्टेशनचाच आहे. त्या चार मिनिटांत १०४ माणसं डोक्यावर धरून उभं राहायचं. मी असतो तर ठाण्यापर्यंत सरळ रिक्षा केली असती. बॅग पाठीला नको, पोटाला लाव.

डब्याचं, बेसच्या खाली मॅग्नेट शीट चिकटव, ती कात्रीने कापता येते, आणि पत्र्याच्या डब्यात उभे कर, डबा उलटा केला तरी हलत नाहीत. पण!! घरातला स्टीलचा पोळ्यांचा डबा घेऊ नकोस न तपासता. बऱ्याच स्टीलला चुंबक चिकटतच नाही. फ्रिजवरचं मॅग्नेट लावून बघ, चिकटलं तर डबा कामाचा. मी हे पनवेलला पोचल्यावर शिकलोय, झाकण काढलं तर सगळं घोडदळ एका कोपऱ्यात ढीग. बिस्किटांचे नाहीतर फरसाणचे जुने पत्र्याचे डबे बेस्ट, चिकटतंच.

बाकी आणायचं ते म्हणजे मेजर टेप सेंटीमीटरवाला (शिंप्याचा चालतो, उलट तोच बरा, वाकतो), स्वतःचे फासे दहा-बारा, फेविक्विक कारण संगिनी तुटतातच, कॅज्युअल्टी दाखवायला काहीतरी, मी लाल उडीद डाळ वापरतो म्हणजे उडीद नव्हे मसूर, दर पलटणीमागे एकेक दाणा. आणि पाण्याची बाटली टेबलाखाली, टेबलावर नाही, टेबलावर कधीच नाही. जेवण आयोजक देतायत, वडापाव आणि चहा, वडापावचे तेलकट हात पुसायला नॅपकिन. एसी आहे पण पंखा लागला की झेंडे उडतात.

कळवा_कारशेड

बाप रे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून धन्यवाद, ताई तुमचं काड्यांचं कालपासून सुरू केलंय, पहिली पलटण कोटापर्यंत आलीये, खरंच चोवीस जण एका तासात होतात, विश्वासच बसत नाही. स्टीलचा डबा तपासला, नाही चिकटत. आईने वर ऐकवलं की बरं झालं, डबा वाचला माझा.

फासेफुटका दादा, तुमची पोस्ट कॅप्टनला पाठवली. तो म्हणाला मी हेच तुला सहा गेम सांगतोय, तू ऐकत नाहीस. खरं सांगायचं तर मी घरी खेळताना ऑर्डर बोलतच नाही, मनात म्हणतो आणि फासे टाकतो, तो सोडून देतो. आणि मास्तर, पोलमनने अख्खी रांग फिरवली हे मला माहीतच नव्हतं, मला वाटायचं आपल्याकडे नुसती झुंबड असेल.

एक विचारू का, कॅप्टनशी माझं मत पटलं नाही तर काय करायचं, म्हणजे गेम चालू असताना? तो चिडका आहे थोडा.

फासेफुटका

गेम चालू असताना काही करायचं नाही. त्याचा शब्द शेवटचा. टीमला दर टर्नला मूव्हसाठी दहा मिनिटं मिळतात समजा, त्यातली सहा वाद घालण्यात गेली की ऑर्डर घाईत बोलता आणि घाईत बोललेली ऑर्डर कशी असते ते मास्तरांनी सांगितलंय. भांडायचं ते आदल्या दिवशी, चहा पिताना, नकाशा समोर घेऊन. "माझ्यासमोर घोडदळ आलं तर मी चौकोन करणार, तुला विचारणार नाही" असे तीन-चार निर्णय आधीच तुझ्याकडे मागून घे. बाकी सगळं त्याचं. चिडक्या माणसाला हे आवडतं, त्याला दर पाच मिनिटांनी कोणी विचारलेलं आवडत नाही.

निवृत्त_मास्तर_नौपाडा

चौकोन करायला शिपायांना वेळ लागतो हे लक्षात असू द्या. घोडदळ दिसल्यावर नव्हे, दिसण्याआधी.

जाता जाता. ठाण्याची मंडळी असई मांडतात, पानिपत मांडतात, पण आपल्या गावचा किल्ला कोणी मांडत नाही. ज्याला आपण ठाण्याचे जेल म्हणतो तो किल्लाच, १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला. एका बाजूला खाडी, होड्या, तट. पुढच्या वर्षी कोणी मनावर घेतले तर नकाशाचे काम मी करतो.

तोफखाना_खारघर

काका होड्या कोण बनवणार?

ब्रश_नंबर_दोन

माझ्याकडे बघू नका.

कळवा_कारशेड

अपडेट देतो, गेमला नऊ दिवस उरलेत. चारही पलटणी झाल्या, तोफा बाकी. तिसऱ्या पलटणीचे पट्टे वाकडे आलेत कारण त्या दिवशी लाइट गेली होती आणि मी मोबाईलच्या टॉर्चवर केले, तिला आम्ही दारुडी पलटण नाव ठेवलंय.

प्रॅक्टिस गेम दोन झाले, आमच्या हॉलमध्ये जमिनीवर, केळणा म्हणून आईची निळी साडी आणि जुई म्हणून बाबांचं उपरणं. पहिल्या गेमला मी सवयीने मनात ऑर्डर म्हणालो आणि फासे टाकले, मस्त चार पडले, तर बेगम समरूवाला म्हणाला ऐकू आली नाही, धरणार नाही. खूप राग आला. दुसऱ्या गेमला कॅप्टनने जुन्या व्हिजिटिंग कार्डांच्या मागे लिहून आणलं, प्रत्येक पलटणीचं एक कार्ड, वर नंबर, खाली "कुठपर्यंत" आणि "कोणाच्या रेषेत" अशा दोन ओळी कोऱ्या. आधी पेन्सिलने भरायचं, मग मोठ्याने वाचायचं, मग फासे. पहिले दोन टर्न शाळेसारखं वाटलं. चौथ्या टर्नला मला तीन मूव्ह मिळाल्या आणि कार्डावर लिहिलं होतं म्हणून मी एकाच मूव्हवर थांबलो, आणि तेव्हाच कॅप्टनला अकरा पडले, तो हललाच नाही. फट पडली नाही. तो काही बोलला नाही, फक्त माझ्यासाठी पण चहा मागवला.

रविवारी मी मॅक्सवेल आहे. ऑरॉक कॅप्टन स्वतः होतोय, म्हणाला दुसऱ्या कोणाला शिव्या खायला लावणं बरं नाही.

आता एकच राहिलंय, ताई, तोफा आज रात्री झाल्या तर उद्या वॉर्निशचा स्प्रे मारू का? आज दुपारी कळव्याला दोन तास ऊन होतं.

ब्रश_नंबर_दोन

नाही. ब्रशने.

कळवा_कारशेड

पण चार पलटणी ब्रशने म्हणजे

ब्रश_नंबर_दोन

ब्रशने. पातळ, मॅट, रुंद ब्रश, बेसचा एक फटकारा. अर्धा तास लागतो. आणि आधी दारुडी पलटण कर, बिघडली तर तीच बिघडू दे.